काय चालेल ते सांगा: शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं सिडकोतलं एक प्रकरण

सिडकोतला हा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा चार वर्षांचा होता आणि त्याचं वजन घटत चाललं होतं. मी नाशिकमध्ये लहान मुलांच्या आहाराचं काम करते, त्यामुळे 'भूक लागत नाही' अशी चिठ्ठी घेऊन ही मंडळी आली. मुलाला भूक चांगली होती. त्याला खायला काय द्यायचं, हेच घरात कुणाला कळेनासं झालं होतं.

वडील अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात, आई घरी शिवणकाम करते, स्वयंपाक बराचसा आजीकडे, आणि पाळण्यात पाच महिन्यांची बहीण. आईवडिलांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडून घरच्यांना नेमकं काय हवं असतं, हे मला इतक्या थोडक्यात आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते आजीने: "काय घालायचं नाही ते सगळेच सांगतात गं ताई. काय चालेल ते कुणी सांगेल का?"

दोन वेळा झालेला त्रास

चौदा महिन्यांचा असताना त्याला दाण्याच्या लाडवाचा लहानसा तुकडा भरवला. पाच-दहा मिनिटांत तोंडाभोवती लाली, गालांवर गांधी आणि एक मोठी उलटी. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताचं सिरप दिलं, संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. 'उष्ण पडलं असेल' म्हणून विषय संपला. पुढची अडीच वर्षं मुलाला मुख्यतः वरण-भात, पोळी, दूध असंच जेवण होतं. कूट घातलेली भाजी ताटात आली की तो ताट सरकवायचा. हट्टी आहे, असं घरात सगळे म्हणायचे. तोंडात खाजतं, घशात टोचतं हे लहान मुलाला सांगता येत नाही. ते मूल तो पदार्थ खायचंच बंद करतं. नीट विचारलं की असा इतिहास पुष्कळ घरांत सापडतो.

तो पावणेचार वर्षांचा असताना आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी त्याने दोन-तीन चमचे खाल्ली. आधी ओठ सुजले, मग पोटावर आणि पाठीवर गांधी उठल्या, मग उलटी. त्यानंतर खोकल्याची उबळ आली, आवाज घोगरा झाला आणि मूल मलूल पडलं. वडील पहिल्या शिफ्टला गेलेले. आई रिक्षाने जवळच्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथे ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, वाफ दिली आणि काही तासांनी घरी सोडलं. कागदावर 'ॲलर्जिक रिॲक्शन' एवढंच. कशाची, किती गंभीर, पुन्हा झाली तर काय करायचं, यातलं काहीच नव्हतं.

त्वचा, पोट आणि श्वास अशा एकाहून जास्त ठिकाणी काही मिनिटांत एकदम त्रास सुरू झाला, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी, असते. तिच्यावरचं पहिलं औषध ॲड्रेनलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात, स्नायूमध्ये द्यायचं असतं. सेटिरिझिनसारख्या गोळीने खाज आणि गांधी कमी होतात, पण सुजलेला घसा किंवा उतरलेला रक्तदाब सावरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम व्हायला तास लागतात. त्या दिवशी मूल बचावलं याचा आनंद आहेच. पण आईला पुढे जे कळलं, ते तिला त्याच दिवशी कळायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

लाल-पिवळा-हिरवा रिपोर्ट

कुणीतरी सुचवलं म्हणून घरच्यांनी रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी करून घेतली. हजारो रुपये गेले आणि कित्येक पानांचा रंगीत रिपोर्ट हातात आला. शेंगदाणा लाल. त्याच्याबरोबर गहू, तांदूळ, तूरडाळ, दूध, वांगं, केळं, तीळ आणि घरातल्या धुळीतले कीटक हेही लाल किंवा पिवळे. 'लाल ते सगळं बंद' असा सल्ला मिळाला. आजीने तो अक्षरशः पाळला. सकाळी नाचणीची पाण्यातली पेज, दुपारी ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण, रात्री तेच. पावसाळ्यात पंधरा किलो भरलेलं मूल दिवाळीच्या सुमारास चौदा किलोंच्याही खाली आलं.

अशा तपासणीत रक्तात आयजीई ही अँटिबॉडी आहे का, एवढंच दिसतं. अँटिबॉडी असणं आणि तो पदार्थ खाऊन त्रास होणं यांत फार अंतर आहे. शेंगदाणा हा डाळींच्याच कुळातला, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या रक्तात तूर किंवा हरभऱ्याविरुद्धही अँटिबॉडी दिसू शकते. तरीही यातली बरीचशी मुलं वरण निर्धास्त खातात. परागकणांच्या ॲलर्जीमुळेही गहू-तांदळाचे आकडे वर जातात. म्हणून तपासणी आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रमच उलटा आहे. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं, त्याआधी तोच पदार्थ बिनत्रास खाल्ला होता का, हे आधी विचारायचं आणि ज्यावर संशय आहे तेवढंच तपासायचं. हा मुलगा खिचडीच्या आदल्या रात्रीपर्यंत पोळी खात होता आणि दूध पीत होता. त्याला तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मी त्या दोन प्रसंगांचा आणि त्याच्या आधी-नंतरच्या खाण्याचा एक पानी तक्ता आईबरोबर बसून केला आणि त्यांना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या मुलांच्या ॲलर्जी विभागाकडे पाठवलं.

मुंबईची वाया गेलेली फेरी

पहिल्या खेपेला ते पंचवटी एक्स्प्रेसने गेले. वडिलांनी रजा टाकली, डबा बरोबर, धाकटी आजीकडे. तिथे गेल्यावर कळलं की त्वचेची चाचणी त्या दिवशी होणार नाही, कारण मुलगा रोज रात्री ॲलर्जीचं सिरप घेत होता. ते औषध काही दिवस आधी थांबवावं लागतं, नाहीतर चाचणीत गांधी उठतच नाही. हे वेळ घेतानाच फोनवर सांगता आलं असतं. वडील मला म्हणाले, "मॅडम, डॉक्टर चांगले होते. पण एक फोन आला असता तर माझी एक रजा वाचली असती." तज्ज्ञांच्या सेवेबद्दल बोलताना आपण उपकरणं आणि पदव्या मोजतो. कामगार माणसाच्या हिशोबात हा एक फोनही त्या सेवेचाच भाग असतो.

वहीतले प्रश्न

दुसऱ्या फेरीला जाण्यापूर्वी आईने एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढले होते. त्यांतले काही तिच्याच शब्दांत देते.

'पोळी खरंच बंद करायची का?'

'त्या दिवशी तो दगावला असता का? खरं सांगा.'

'पुढच्या वेळी सगळ्यात आधी काय करायचं? फोन कुणाला?'

'मी पोटुशी असताना रोज चिक्की खायचे. त्यामुळे झालं का?'

'धाकटीला दाणे द्यायचे का कधीच नाही?'

वडिलांचा प्रश्न शेवटी, वेगळ्या शाईत: 'कायमचं बरं होतं का?'

डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि तिच्यातल्या क्रमाने बोलल्या. आईला सगळ्यात मोठा धीर त्यातूनच मिळाला. तिच्या प्रत्येक भीतीला कुणीतरी उत्तर देण्याजोगं मानलं होतं.

हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा करून, प्रत्येक खुणेपाशी अर्काचा एकेक थेंब ठेवून हलकंसं टोचलं. एक थेंब हिस्टामिनचा, एक नुसत्या सलाइनचा, म्हणजे चाचणी नीट चालते आहे हे कळतं. पंधरा मिनिटांनी पट्टीने मोजलं: शेंगदाणा नऊ मिलिमीटर, तीळ तीन, गहू, दूध, तूर, काजू काहीच नाही. सलाइनपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा आला तर चाचणी होकारार्थी धरतात. त्याबरोबर डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य आईने वहीत उतरवलं आहे: फुगवटा जितका मोठा तितकी ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त, पण पुढचा झटका किती जोराचा असेल हे त्यावरून कळत नाही. शेंगदाण्यातल्या 'अरा एच २' या प्रथिनाची रक्त तपासणीही केली, तीही स्पष्ट होकारार्थी आली. इतिहास आणि चाचणी दोन्ही एकच सांगत असताना शेंगदाणा खाऊ घालून बघायची गरज उरली नाही.

दगावला असता का, या प्रश्नाला डॉक्टर आडवळणाने बोलल्या नाहीत. असं क्वचित होतं, आणि ॲड्रेनलिन वेळेत मिळालं तर त्याहून क्वचित, पण धोका होता. आई सांगताना रडली, आणि रडता रडताच म्हणाली की इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला रात्री झोप लागली. खरं ऐकायची तयारी आईवडिलांची असते. ते सांगायला लागणारा वेळ बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

चिक्कीचा दोष आईवर नाही, हे त्यांनी नि:संदिग्धपणे सांगितलं. गरोदरपणी शेंगदाणा टाळून बाळाची ॲलर्जी टळते असा पुरावा नाही. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर कमी सुखाचं होतं. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची मोठेपणी जाते, शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच. थोड्या थोड्या मात्रेत रोज शेंगदाणा देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचार आहे. अशा पावडरीच्या औषधाला अमेरिकेत २०२० साली ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी परवानगी मिळाली. पण त्याने ॲलर्जी मुळापासून जात नाही, मात्रा रोज चालू ठेवावी लागते आणि उपचारातही झटके येतात. नाशिकहून ये-जा करत ते सध्या नको, असं दोघांनी ठरवलं. हा निर्णय त्यांचा होता, आणि तो त्यांना घेऊ दिला हे मला महत्त्वाचं वाटतं.

आजीचं स्वयंपाकघर

गहू आणि दूध त्याच दिवशी विभागातच, समोर बसवून, थोडं थोडं देऊन बघितलं. मुलाच्या कोपरांच्या वळणात इसब आहे. अशी मुलं एखादा पदार्थ काही महिने बंद ठेवून पुन्हा खाऊ लागतात तेव्हा क्वचित झटका येऊ शकतो, म्हणून ही काळजी. काही झालं नाही. भात, तूर, केळं घरी सुरू करायला सांगितलं. तीळ मात्र अधांतरी राहिला: फुगवटा तीन मिलिमीटर आणि आधी कधी खाल्लेला नाही. त्यासाठी वेगळ्या दिवशी देखरेखीखाली खाऊ घालून बघायचं ठरलं. मूल अगदी बरं असताना, भाजलेल्या तिळाचं बारीक कूट, चिमटीपासून सुरुवात करून ठरावीक अंतराने वाढवत वयाला शोभेल इतक्या प्रमाणापर्यंत नेलं आणि नंतर दोन तास बसवून ठेवलं. अख्खे तीळ न चावता तसेच बाहेर पडू शकतात, म्हणून कूट. तो पास झाला, आणि संक्रांतीच्या आधी झाला. आजीने त्या वर्षी दाणे न घालता नुसत्या तिळाचे लाडू केले.

आजीशी माझं खरं काम इथून पुढे सुरू झालं. आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, मेथीची भाजी, उपासाची भगर आली की तिच्याबरोबर दाण्याची आमटी. आम्ही दोघींनी तिच्या आठवड्याच्या स्वयंपाकातली एकेक भाजी घेतली. भरल्या वांग्याला भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं. कोशिंबिरीला ओलं खोबरं. रस्सा दाट करायला फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ, कारण बेसन तो आधीपासून बिनत्रास खात होता. खिचडीत बटाटा आणि खोबरं, भगरीबरोबर ताकाची कढी. चवीची तक्रार पहिले आठ-दहा दिवस झाली, मग थांबली. मिक्सरचं एक भांडं आणि एक पोळपाट-लाटणं वेगळं ठेवलं, कारण कूट केलेल्या भांड्याच्या पात्याखाली जे अडकतं ते साध्या खंगाळण्याने निघत नाही.

वाद झाला तो तेलावर. निफाडकडच्या नातेवाइकांकडून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल येतं आणि आजीला त्याचा अभिमान आहे. पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे ते बहुतेकांना चालतं. घाण्याच्या तेलात ते राहतं. म्हणजे जे तेल आपण जास्त शुद्ध समजतो तेच या मुलाला धोक्याचं. आजीला हे पटवायला माझे शब्द पुरले नाहीत. डॉक्टरांनी फोनवर पाच मिनिटं बोलून सांगितलं तेव्हा तिने डबा मोठ्या मुलीकडे पाठवून दिला. आता घरात सूर्यफुलाचं तेल आहे. हा फोन कुठल्याही फीमध्ये धरलेला नव्हता, आणि तो झाला नसता तर बाकीचा सल्ला फुकट गेला असता.

बाहेरच्या खाण्याचा नियम साधा ठेवला. पाकिटावर शेंगदाणा जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पाकीट वाचून घ्यायचं. सुटं फरसाण, चिवडा, मिठाई, टपरीवरची भजी बंद. मिसळ घरची.

ॲड्रेनलिन

परदेशात मांडीला टेकवून दाबायचं तयार इंजेक्शन मिळतं, तसं आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. ॲम्प्यूल आणि सिरिंज असते. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे चौदा किलोच्या मुलाला एका मिलिलीटरच्या ॲम्प्यूलचा जेमतेम सातवा भाग. घाबरलेल्या माणसाने ॲम्प्यूल फोडून एवढंसं मोजून भरायचं, ही अपेक्षाच अवघड आहे. त्यात घरात आजोबांच्या वेळची इन्सुलिनची सिरिंज होती. तिच्यावर मिलिलीटर नसतात, युनिट असतात, आणि सुई आखूड असते. ती वापरायची नाही हे मुद्दाम सांगावं लागलं.

तज्ज्ञांनी या कुटुंबाच्या नाशिकमधल्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला आणि दोघांनी मिळून मार्ग काढला. मोजून भरलेल्या दोन सिरिंजा, नावाची पट्टी आणि बदलायची तारीख लावून, उजेड लागणार नाही अशा डबीत. मुदत आली की नाशिकचे डॉक्टर नव्या भरून देतात आणि तेव्हाच वजन करून मात्राही तपासतात. डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. आई, वडील आणि आजी, तिघांनी पाणी भरलेल्या सिरिंजने संत्र्यावर सराव केला. आजीचा हात सगळ्यात स्थिर होता.

योजना एका पानाची. नुसत्या गांधी असतील तर सिरप देऊन लक्ष ठेवायचं. खोकला, घरघर, आवाज बदलणं, पुन्हा पुन्हा उलट्या, मलूल होणं यांतलं काहीही दिसलं तर वाट न पाहता इंजेक्शन, मग १०८ला फोन. मुलाला आडवं ठेवून पाय उंच करायचे, धाप असेल तर बसवायचं, उठवून चालवायचं नाही. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. पान इंग्रजीत होतं. आईने मागणी केली आणि मराठी प्रत मिळाली, डॉक्टरांच्या सहीसकट.

धाकटी

घरात सगळ्यांना वाटत होतं की तिला दाण्याचा वासही नको. २०१५ साली लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासातून याच्या उलट दिसलं आहे: तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षापासून शेंगदाणा नियमित दिला तेव्हा पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी कितीतरी कमी झाली. धाकटीला इसब नाही. डॉक्टरांनी सहा महिन्यांनंतर वरचं अन्न बसल्यावर घट्ट न ठेवता पातळ केलेली दाण्याची पेस्ट द्यायला सांगितली. अख्खा दाणा घशात अडकतो, तो पाच वर्षांपर्यंत नाहीच. मग प्रश्न आला की ज्या घरातून दाणे हद्दपार केले तिथे हे करायचं कसं. तोडगा आत्याच्या घराचा निघाला: आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन भरवायचं, हात-तोंड धुवून, कपडे बदलून परत यायचं. आईला पहिल्या चमच्याची इतकी धास्ती होती की तो चमचा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याशेजारच्या बाकावर बसून दिला. वैद्यकीय दृष्ट्या गरज नव्हती, पण डॉक्टरांनी अडवलं नाही. बाळाने सगळा चमचा चाटून संपवला.

अजून न सुटलेलं

मुलाचं वजन आता सोळा किलोंजवळ आहे. थंडीत दम्याची घरघर आली होती. दमा आटोक्यात नसेल तर झटका जास्त जोराचा होऊ शकतो, म्हणून इनहेलर नियमित चालू आहे.

शाळेचं मात्र अडलेलं आहे. बाईंनी डबे वाटून खाणं थांबवलं, वाढदिवसाची चॉकलेटं आईला दाखवून मगच वाटतात, बसवाल्या काकांच्या मोबाइलमध्ये मराठी पानाचा फोटो आहे. सिरिंजची डबीही शाळेने ठेवून घेतली. पण ती टोचणार कोण, यावर 'आम्ही इंजेक्शन देऊ शकत नाही, तुम्हाला फोन करू' असं उत्तर आहे. आईचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर आहे, आणि त्या दहा मिनिटांचा हिशोब तिने एकादशीला केलेला आहे. डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर शिक्षकांना शिकवायची तयारी दाखवली आहे आणि जबाबदारीबद्दलचं पत्रही देणार आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीची वेळ दिली आहे. आईने त्या कॉलसाठी वहीत नवं पान काढलं असून पहिला प्रश्न आहे: 'मी पोहोचेपर्यंत वर्गात कोण असेल?'